आणखी मजले चढवायचे, पण कोणत्या पायावर?

रामघाट (वाराणसी) : गंगेच्या काठी भोसले घाट आणि पंचगंगा घाट यांच्या दरम्यान असलेल्या रामघाटाच्या पायऱ्यांवरून उत्तरेकडे पाहिले, की पंचगंगेवरील आलमगीर मशिदीची वास्तू नजरेस पडते. जुन्या काशीच्या चित्रांत या वास्तूवर सुमारे १४७ फूट उंचीचे दोन सडपातळ मिनार ठळकपणे दिसतात. काशीकर त्यांना ‘माधवराव का धरहरा’ म्हणत. आज ते दोन्ही मिनार नाहीत. १९४८ मध्ये त्यांतील एक कोसळून काही जणांचा बळी गेला आणि दुसराही धोकादायक ठरल्याने पुढे उतरवण्यात आला.

काशीच्या जुन्या गल्लीतील तीनमजली घरावर चौथा मजला चढवायचा असो, की एखाद्या महानगरात नुकत्याच उभ्या राहिलेल्या कार्यालयीन मनोऱ्यावर आणखी दहा मजल्यांची योजना आखायची असो, प्रश्न मुळात एकच असतो. वाढीव भार कोणी उचलायचा? चर्चा बहुतेक वेळा उंचीची, दृश्याची आणि मिळणाऱ्या भाड्याची होते. उत्तर मात्र इमारतीच्या पायात, शेजाऱ्याच्या भिंतीत, जिन्याच्या रुंदीत आणि मंजूर नकाशात असते. इमारत उभी राहण्यापूर्वी वाढीची सोय ठेवलेली असेल, तर ती नंतर उंच होऊ शकते. तशी सोय नसताना चढवलेले मजले एक तर न्यायालयाच्या आदेशाने उतरवावे लागतात किंवा स्वतःच खाली येतात. गेल्या काही दशकांतील देशोदेशींच्या घटना हेच सांगतात.

एका मजल्याचे वजन

‘एकच तर मजला वाढवायचा आहे’ हे वाक्य सर्रास ऐकू येते. त्या एका मजल्याचे वजन किती, याचा साधा हिशेब कोणालाही करता येईल. पाच मीटर रुंद आणि आठ मीटर लांब असे घर धरले, तर त्याचे क्षेत्र ४० चौरस मीटर होते. १५० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट स्लॅबचे वजन प्रति चौरस मीटर सुमारे ३७५ किलो असते. म्हणजे केवळ स्लॅबच १५ टनांचा झाला. नऊ इंची विटांची तीन मीटर उंच भिंत प्रत्येक मीटर लांबीमागे सव्वा टनाहून अधिक भरते. चारही बाजूंच्या २६ मीटर भिंतींचे वजन ३५ टनांच्या आसपास जाते. माणसे, सामान आणि फर्निचर यांसाठी भारतीय मानकांनुसार राहत्या घरात प्रति चौरस मीटर सुमारे २०० किलो भार गृहीत धरतात. त्याचे आणखी आठ टन. आतल्या भिंती, फरशी आणि पाण्याची टाकी सोडूनही एका छोट्या घराच्या एका मजल्याचा भार ५५ टनांच्या पुढे जातो.

कार्यालयीन इमारतीत हा आकडा आणखी वाढतो. कागदपत्रे साठवण्याची वेगळी सोय नसलेल्या कार्यालयासाठी मानकांनी राहत्या घराच्या दुप्पट, म्हणजे प्रति चौरस मीटर सुमारे ४०० किलो भार धरण्यास सांगितले आहे. फायलींची कपाटे, संगणकांचे संच, वातानुकूलन यंत्रणा आणि बॅटऱ्यांच्या खोल्या यांमुळे ही तरतूद आवश्यक ठरते.

उंच इमारतीला केवळ वजनच नव्हे, तर वारा आणि भूकंपही सोसावा लागतो. वाऱ्याचा दाब सर्वत्र सारखा धरला, तरी इमारतीला तळाशी उलथवू पाहणारा जोर उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. उंची ४० टक्क्यांनी वाढली, तर हा जोर जवळपास दुप्पट होतो. प्रत्यक्षात वर जाताना वाराही जोराचा होत असल्याने वाढ त्याहून अधिक असते. म्हणूनच ५० ते २५० मीटर उंचीच्या काँक्रीट इमारतींसाठी भारतीय मानक ब्युरोने २०१७ मध्ये स्वतंत्र मानक लागू केले. २०१६ च्या भूकंप मानकानुसार वाराणसी आणि मुंबई ही दोन्ही शहरे तिसऱ्या क्षेत्रात, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात मोडतात.

काशीच्या जमिनीचा अनुभव

काशी वसली आहे ती गंगेच्या डाव्या काठावरील उंच कड्यावर. हा कडा चिकणमाती आणि चुनखडीच्या खड्यांचा, म्हणजे कंकराचा बनलेला आहे. येथे नदी उत्तरवाहिनी होऊन वळण घेते आणि वळणाच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे शहराच्या बाजूने काठ कापत राहते. घाटांच्या दगडी पायऱ्या केवळ स्नानासाठी नाहीत. हा कडा धरून ठेवण्याचे कामही त्या करतात.

दर पावसाळ्यात या कामाची परीक्षा होते. वाराणसीत गंगेची धोक्याची पातळी ७१.२६२ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी ७३.९०१ मीटरपर्यंत चढले होते आणि तीच येथील सर्वोच्च नोंद आहे. पूर चढताना काठाची माती पाण्याने संपृक्त होते. पाणी झपाट्याने उतरले, की मातीत अडकलेले पाणी बाहेर पडू पाहते आणि तिची भार पेलण्याची शक्ती कमी झालेली असते. त्यामुळे नदीकाठच्या बांधकामांना पूर ओसरल्यानंतरचे दिवसही धोक्याचे असतात.

रामघाटापासून थोड्याच अंतरावर दक्षिणेकडे शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधवला. भव्य दगडी बांधकामाचा भार खालच्या जमिनीला पेलला नाही आणि घाट खचला. विसाव्या शतकात तो पुन्हा बांधून काढावा लागला. त्याच्याच लगत एका बाजूला कललेले रत्नेश्वर महादेवाचे मंदिर वर्षाचा बराच काळ अंशतः पाण्यात असते. घाटाच्या अतिभारामुळेच ते खचले, असे सामान्यतः मानले जाते. खर्चाची, दगडाची वा कारागिरांची येथे कमतरता नव्हती. खालच्या जमिनीचा अंदाज तेवढा चुकला.

पंचगंगेच्या मिनारांची कथाही याच वळणाची आहे. एकोणिसाव्या शतकात काशीच्या टांकसाळीत अधिकारी असलेले जेम्स प्रिन्सेप यांनी, हे मिनार कोसळण्याच्या बेतात असताना, त्यांची दुरुस्ती करण्यास हातभार लावला होता. या दुरुस्तीने मिनारांना शंभराहून अधिक वर्षे मिळाली. मात्र दुरुस्तीने आयुष्य वाढते, भार पेलण्याची मूळ मर्यादा बदलत नाही.

सोय आधी, मजले नंतर

नव्या मनोऱ्याची उंची वाढवणे अशक्य असते असे नाही. त्याचे सर्वांत परिचित उदाहरण अमेरिकेतील शिकागो शहरात आहे. तेथे ‘ब्लू क्रॉस ब्लू शील्ड’ या आरोग्य विमा संस्थेचा कार्यालयीन मनोरा १९९७ मध्ये पूर्ण झाला, तेव्हा तो ३३ मजल्यांचा होता. मात्र पाया, खांब आणि गाभा यांची रचना त्याहून कितीतरी उंच इमारतीच्या हिशेबाने केलेली होती. पुढे लागणाऱ्या लिफ्टसाठीही आत जागा मोकळी राखली होती. सुमारे दहा वर्षांनी संस्थेला जागा कमी पडू लागली, तेव्हा वर २४ मजले चढवण्यात आले. २०१० मध्ये हे काम पूर्ण झाले आणि मनोरा ५७ मजल्यांचा झाला. बांधकाम चालू असताना खालच्या मजल्यांवर कर्मचारी नेहमीप्रमाणे काम करत होते.

या उदाहरणात वाढीव मजल्यांच्या पायाचा खर्च मजले चढण्याच्या दहा वर्षे आधीच झाला होता. त्या काळात त्या खर्चातून एका पैशाचेही भाडे मिळाले नाही. बहुतेक विकासक हा खर्च टाळतात आणि त्यामुळे बहुतेक इमारतींना नंतर उंच होण्याचा मार्ग राहत नाही.

ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराने दुसरा मार्ग दाखवला. तेथील १९७६ सालचा एक कार्यालयीन मनोरा पाडण्याऐवजी त्याचे सुमारे दोन तृतीयांश खांब, तुळया व स्लॅब आणि जवळजवळ संपूर्ण गाभा कायम ठेवण्यात आला. लगत नवे मजले जोडून २०२२ मध्ये ‘क्वे क्वार्टर टॉवर’ पूर्ण झाला. वापरण्याजोगे क्षेत्र जवळपास दुप्पट झाले. येथे नवा भार केवळ जुन्या खांबांवर न टाकता नव्या भागाला स्वतःचा आधार देण्यात आला.

कागदावर वाढलेले मजले

पाया भक्कम असला, तरी कायद्याची परवानगी हा स्वतंत्र प्रश्न आहे. भूखंडाच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येईल, हे चटई क्षेत्र निर्देशांकाने, म्हणजे एफएसआयने ठरते. १००० चौरस मीटरच्या भूखंडावर निर्देशांक तीन असेल, तर एकूण ३००० चौरस मीटर बांधकाम करता येते. ते ५०० चौरस मीटरचे सहा मजले असोत, की २५० चौरस मीटरचे बारा. निर्देशांक पाचवर गेला, की त्याच भूखंडावर ५००० चौरस मीटरचा हक्क निर्माण होतो. मात्र हा हक्क कागदावर निर्माण होतो. जमिनीखालचा पाया तीनच्या हिशेबाने बांधलेला असेल, तर तो तसाच राहतो.

निर्देशांकाबरोबरच दोन इमारतींमधील अंतर, रस्त्याची रुंदी, मोकळी जागा आणि आधीच्या रहिवाशांची संमती यांचाही विचार होतो. हा मुद्दा सर्वांत ठळकपणे पुढे आला तो उत्तर प्रदेशातील नोएडा येथे. सेक्टर ९३-ए मधील निवासी प्रकल्पात दोन जोड मनोऱ्यांना आधी २४ मजल्यांची मंजुरी होती. २०१२ मध्ये सुधारित नकाशात ती ४० मजल्यांवर नेण्यात आली. केवळ उंचीचा हिशेब केला, तरी २४ वरून ४० मजल्यांवर जाताना वाऱ्याचा उलथवणारा जोर सुमारे पावणेतीन पट होतो. न्यायालयीन वाद मात्र बळकटीचा नव्हता. शेजारच्या इमारतीपासून किमान १६ मीटर अंतर आवश्यक असताना ते ९ मीटरच होते आणि आधीच्या सदनिकाधारकांची संमती घेतलेली नव्हती. अलाहाबाद उच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मनोरे पाडण्याचा आदेश दिला. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तो कायम केला. २८ ऑगस्ट २०२२ रोजी सुमारे ३,७०० किलो स्फोटके वापरून, कुतुबमिनारपेक्षा उंच असलेले हे मनोरे काही सेकंदांत पाडण्यात आले.

मुंबईला हा धडा त्याआधीच मिळाला होता. ‘प्रतिभा’ या ३६ मजली इमारतीत अनुज्ञेय निर्देशांकापेक्षा अधिक बांधकाम झाल्याने महापालिकेने वरचे आठ मजले पाडण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये तो उचलून धरला. वरळीच्या कॅम्पा कोला वसाहतीत पाच मजल्यांची परवानगी असताना त्याहून कितीतरी अधिक मजले बांधले गेले. २०१३ मध्ये हा वाद सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, तेव्हा त्याची झळ तेथे अनेक वर्षे राहणाऱ्या कुटुंबांना बसली.

२०१६ च्या स्थावर संपदा कायद्यातील कलम १४ ने आता ग्राहकाला संरक्षण दिले आहे. मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा असेल, तर किमान दोन तृतीयांश ग्राहकांची पूर्वसंमती घ्यावी लागते.

कार्यालयांची भूक

मुंबईत कार्यालयीन जागेची मागणी मोठी आहे. २०१८ मध्ये मंजूर झालेल्या विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४ नुसार व्यावसायिक इमारतींना, रस्त्याची रुंदी पुरेशी असल्यास आणि अधिमूल्य भरल्यास, निर्देशांक पाचपर्यंत मिळू शकतो. परंतु वांद्रे-कुर्ला संकुलासारख्या भागात विमानतळ जवळ असल्याने उंचीला स्वतंत्र मर्यादा पडते. नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने २०१५ मध्ये केलेल्या नियमांनुसार अशा क्षेत्रात भारतीय विमानतळ प्राधिकरणाचे ना-हरकत प्रमाणपत्र बंधनकारक आहे. तेथे निर्देशांक शिल्लक असूनही मजला वाढवता येत नाही, असे घडू शकते.

अग्निसुरक्षा हा आणखी एक अडसर. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ नुसार १५ मीटर वा त्याहून उंच इमारत बहुमजली धरली जाते आणि तिला वेगळे नियम लागतात. मजले वाढले, की माणसे वाढतात. पण जिन्याची रुंदी वाढत नाही. जून २०१२ मध्ये मंत्रालयाला लागलेल्या आगीत पाच जणांचा मृत्यू झाला. सात मजली इमारतीतही वरच्या मजल्यांवरून बाहेर पडणे किती कठीण होते, हे तेव्हा राज्याने पाहिले. पुढे शासकीय कार्यालयांना जागा हवी होती, तेव्हा राज्य शासनाने नरिमन पॉइंट येथील १९७४ सालची २३ मजली एअर इंडिया इमारत १,६०१ कोटी रुपयांना घेण्याचा निर्णय केला. उभ्या इमारतीवर भार वाढवण्याऐवजी दुसरी उभी इमारत घेण्याचा हा पर्याय होता.

वापर बदलला की हिशेब बदलतो

मजला न वाढवताही भार वाढतो, ही बाब बहुधा दुर्लक्षित राहते. दक्षिण कोरियातील सोल शहरात २९ जून १९९५ रोजी सॅम्पूंग हे बहुमजली दुकान कोसळून ५०२ जण मृत्युमुखी पडले. मूळ योजना चार मजल्यांची होती आणि वापरही वेगळा ठरला होता. नंतर ती दुकानाची इमारत झाली, पाचवा मजला चढला आणि छतावर वातानुकूलनाची अवजड यंत्रे बसली. बांगलादेशातील राणा प्लाझामध्ये परवानगीविना वाढवलेल्या मजल्यांवर कापडाचे कारखाने आणि जनित्रे होती. २४ एप्रिल २०१३ रोजी ती इमारत कोसळून १,१३४ जणांचा मृत्यू झाला. त्याच महिन्यात ४ तारखेला ठाण्याजवळ शीळ-डायघर येथे बांधकाम चालू असलेली अनधिकृत इमारत कोसळली होती. त्या दुर्घटनेत ७४ जण दगावले. वर मजले चढत असतानाच खाली कुटुंबे राहत होती.

रामघाटापुढचा पेच

हाच प्रश्न रामघाट परिसरात लहान प्रमाणात उभा आहे. भोसले घाट, जटार घाट, पंचगंगा, दुर्गाघाट, ब्रह्माघाट या पट्ट्यात मराठी कुटुंबांची पिढ्यान्‌पिढ्यांची वस्ती आहे. वल्लभराम शालिग्राम सांगवेद विद्यालयही रामघाटावरच आहे. येथील जुनी घरे लखौरी विटांची, चुना-सुरखीत बांधलेली आणि बऱ्याच ठिकाणी शेजाऱ्याच्या भिंतीला भिंत लावून उभी आहेत. अशा घरावर चढवलेल्या मजल्याचा काही भार शेजाऱ्याच्या भिंतीवरही येतो. गल्ल्या इतक्या अरुंद, की अग्निशमन दलाचा बंब आत शिरू शकत नाही.

१३ डिसेंबर २०२१ रोजी काशी विश्वनाथ धामाचे उद्घाटन झाल्यानंतर यात्रेकरूंचा ओघ वाढला आणि घाटालगतच्या प्रत्येक खोलीला मोल आले. कुटुंब वाढलेले, घर जुने आणि वर एक मजला चढवला तर चार खोल्या भाड्याने देता येतील, हा विचार त्यामुळे स्वाभाविक ठरतो. मात्र राहत्या घराचा अतिथिगृह म्हणून वापर सुरू झाला, की पाण्याच्या टाक्या, न्हाणीघरे आणि माणसे वाढतात. म्हणजे भारही वाढतो.

कायद्याने येथे स्पष्ट रेषा आखली आहे. उत्तर प्रदेश शासनाच्या २००० मधील आदेशानुसार गंगाकाठच्या शहरांत नदीच्या तीरापासून २०० मीटरच्या आत नव्या बांधकामास मनाई आहे; जुन्या वास्तूंच्या दुरुस्तीला आणि जीर्णोद्धाराला वाव आहे. या मनाईच्या अंमलबजावणीसाठी अलाहाबाद उच्च न्यायालयात जनहित याचिकाही दाखल झाली. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१६ मध्ये काढलेल्या गंगाविषयक आदेशानेही नदीच्या तीरावर आणि सक्रिय पूरक्षेत्रात बांधकामाला बंदी घातली.

या नियमामुळे काठावरच्या कुटुंबांची कोंडी होते, हे नाकारता येत नाही. वाढत्या कुटुंबाला जागा हवी असते आणि दुरुस्ती कोठे संपते, नवे बांधकाम कोठे सुरू होते, यावरून वाद होतात. दुरुस्तीची परवानगी वेळेत मिळाली नाही, तर जुनी भिंत धोकादायक होते. दुरुस्तीच्या नावाखाली मजला चढला, तर शेजाऱ्याची भिंत धोक्यात येते. त्यामुळे दुरुस्तीची परवानगी सुलभ आणि उंचीवरील बंधन कठोर, अशा दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागतात.

मजला चढण्यापूर्वी

घर असो वा कार्यालय, वाढीव मजल्याचा प्रस्ताव पुढे आल्यावर रहिवासी, भाडेकरू आणि शेजारी यांनी काही बाबी विचारून घ्याव्यात. मूळ पाया किती मजल्यांसाठी बांधला होता आणि त्याचे नकाशे उपलब्ध आहेत का? मातीची चाचणी आणि इमारतीचे संरचनात्मक परीक्षण अलीकडे झाले आहे का, अभियंत्याने त्यावर लेखी सही दिली आहे का? निर्देशांक, सामासिक अंतरे आणि उंचीची मर्यादा पाळून सुधारित नकाशा मंजूर झाला आहे का? अग्निशमन विभागाचे प्रमाणपत्र नव्या उंचीसाठी आहे, की जुन्याच? वापर बदलणार असेल, तर भाराचा हिशेब नव्याने केला आहे का? नव्या मजल्यांना भोगवटा प्रमाणपत्र मिळण्यापूर्वी तेथे कोणी राहायला वा काम करायला जाणार आहे का?

यांतील एकाही प्रश्नाचे उत्तर तोंडी देऊन भागत नाही. प्रत्येक उत्तराचा कागद असतो. तो मंजूर नकाशा, परीक्षण अहवाल किंवा प्रमाणपत्र यांच्या रूपात महापालिकेकडे अथवा विकास प्राधिकरणाकडे असायला हवा आणि माहितीच्या अधिकारात नागरिकाला तो मागता येतो. नोएडातील रहिवाशांनी न्यायालयीन लढ्यात मंजूर नकाशांचाच आधार घेतला होता. काम सुरू होण्यापूर्वी हे कागद मागितले, तर आक्षेप नोंदवता येतो आणि काम थांबवता येते. मजले उभे राहिल्यानंतर उरतो तो न्यायालयाचा लांबचा रस्ता, आणि तोवर त्या मजल्यांवर बहुधा माणसे राहायला आलेली असतात.